दुरून दिलेला अंगठा

बा, तुला जाऊन चाळीस वर्षं तरी झाली असतील आणि मी आत्ता तुला चिठ्ठी सांगते आहे. नात लिहिते. मी ‘मले’ म्हणते, ती ‘मला’ लिहिते. म्हणते, आजी, कागदावर असंच चालतं. चालू दे. तुला तरी कुठे वाचता येत होतं.

तू गावाचा कोतवाल. सरकारी कागदांची पिशवी काखेत घेऊन फिरायचास आणि त्यात काय लिहिलंय ते पाटलाच्या ओट्याखाली उभं राहून ऐकायचास. वर तुला घेत नसत. एकदा मी पिशवीतली शाईची डबी काढून भिंतभर अंगठे उठवले, तेव्हा तू राखेनं माझा अंगठा असा घासलास की दोन दिवस भाकर थापता आली नाही. "अंगठा देण्याआधी दोनदा ऐकत जाय," म्हणालास, "एकदा कानानं, एकदा पोटानं." मी मनात हसले होते. माझा अंगठा मागायला कोण येणार होतं?

तर तुझी लेक ग्रामपंचायतीची मेंबर झाली. वार्डाची जागा बाईसाठी राखीव निघाली आणि बायांनी मलाच उभं केलं. मागणं एकच, नळ. गावाचा नळ आमच्या वार्डाच्या तोंडाशी येऊन थांबतो. पुढे हापशी, आणि हापशीवर रांग. ठरावाचं बुक अंगठ्यासाठी पुढे आलं की मी म्हणायची, "वाचा. आता अजून एकदा वाचा." सरपंच म्हणायचा, "मावशी, जेवाची वेळ झाली." "मंग मोठ्यानं वाच, उपाशीपोटी आवाज बसला तुया." असं भांडून भांडून पाइपाचा पैसा मंजूर करून घेतला. दारापुढून नाली खोदली गेली. पाइप यायचे तेवढे राहिले, आणि तो आजार आला.

तू तो पाहिला नाहीस. माणसाला माणसाचा श्वास बाधायचा. वेशीवर बाभळीचे काटे टाकून रस्ता बंद केला, बाहेरून आलेल्यांना शाळेत ठेवलं, कपाशी फवारायच्या पंपानं घरांच्या भिंती फवारल्या. आम्ही सात जण दोन खोल्यांत, दार लावून. नवऱ्याचं तोंड मी लग्न झाल्यापासून इतकं पाहिलं नव्हतं.

बैठक भरवायला बंदी, म्हणून ठरावाचं बुक सह्यांसाठी घरोघर फिरू लागलं. ते आणायचा पंचायतीचा शिपाई, आमच्या समोरच राहणारा. त्याची बायको माहेराहून परतली म्हणून शाळेत होती. एका दुपारी त्यानं बुक आणि शाईची डबी आमच्या उंबऱ्यावर ठेवली, आणि नालीपलीकडे जाऊन उभा राहिला. मी अंगठा दिला.

पाइपाचा पैसा औषध, फवारणी आणि शाळेतल्या लोकांच्या जेवणाकडे वळवावा, असं त्या कागदात होतं. तो वळवावाच लागला असता, बा. घरपट्टी कोणी भरत नव्हतं, पंचायतीपाशी दुसरं होतं काय? पण पुढे जो पहिला पैसा येईल तो पाइपाला, एवढी एक ओळ मी भांडून लिहवून घेतली असती. ती नव्हती. पुढचा पैसा आला तो चौकात फरशी बसवण्यात गेला. नाली तशीच आहे. तिच्यात बकऱ्या पडतात आणि आम्ही काढतो.

ग्रामसभेत बायांनी मला धरलं. "माय, तुयाच अंगठ्यानं गेला ना आमचा नळ?"

"मले वाचूनच नाही दाखवलं," मी म्हणाले.

सगळ्या माना शिपायाकडे वळल्या. तो चहाचे कप गोळा करत होता. एक म्हातारी म्हणाली, "काऊन बे, तुले वाचता येते ना? मंग दातखीळ बसली होती काय?" त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. "चुकलं माय," म्हणाला आणि कप घेऊन बाहेर गेला. तेव्हापासून हापशीवर त्याच्या बायकोची घागर कोणी पुढे सरकू देत नाही. ती सगळ्यांच्या मागून भरते, रोज.

आता खरं ऐक. त्या दुपारी त्यानं विचारलं होतं. "मावशी, आत येऊन वाचून दाखवू? दोनदा वाचतो, तुमच्या मनासारखं." मी पदर नाकाला लावून म्हणाले, "पाय नको टाकू इकडे. तुई बायको शाळेत हाय." तो म्हणाला, "मंग पलीकडून वाचतो, मोठ्यानं." मी म्हणाले, "काही नको. बुक ठेव अन् सरक."

नातीचा पेन थांबला. "आजी, हेही लिहू?" लिही म्हटलं. हा कागद जाणार कुठे? तुला सांगते आहे, कारण तू उलटून काही बोलणार नाहीस. समोर शिपायाची बायको रिकामी घागर घेऊन निघाली आहे. हाक मारली तर ऐकू जाईल एवढंच अंतर आहे. मी नातीला म्हणते, दार लोट, डोळ्यांवर ऊन येतं. आमचं दार उत्तरेला आहे, बा. ऊन येत नाही.