कालवफोड्याची नोंद

जळगाव, ८ नोव्हेंबर

प्रिय कुंदा,

'प्रिय' सवयीनं लिहून गेले, त्यावर जाऊ नकोस. तुझे फोन मी मुद्दाम उचलत नाही. फोनवर तू रडतेस आणि मी विरघळते.

दर ऑक्टोबरला मी जळगावला सुरतेची गाडी धरायची, तू धुळ्याहून येऊन नरडाण्याला चढायचीस. बावीस वर्षं झाली. परदेशी पाखरं किनाऱ्यावर उतरायची आणि आपण चिखलात उभ्या राहून भांडायचो. एखाद्या पाखराला मी तुतारी म्हटलं की तू चिखल्या म्हणणार. दोघींनी पक्षी पाहिला तरच वहीत नोंद, खाली दुसरीची सही, हा नियम तुझाच.

यंदा भरती चढत होती आणि तू एकदाही भांडली नाहीस. मी ओरडले, "कुंदे, कालवफोड्या! ती बघ लाल चोच!" दुर्बीण खाली न घेता तू म्हणालीस, "हो गं, दिसला." बावीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो पक्षी! मी वेडीसारखी हसत सुटले. संध्याकाळी धर्मशाळेत सगळ्या पक्षीमित्रांसमोर उभी राहून दिवसभराची यादी वाचली. आपल्या गटातल्या दीपकनं गुपचूप कॅमेरा पुढे केला. फोटोत कावळा होता, चोचीत बाटलीचं लाल झाकण. "होतं असं, मॅडम," तो म्हणाला. मयुरीनं हसू लपवायला चहाचा कप तोंडाला लावला. त्यांचं मला काही नाही. मी तुझ्याकडे पाहिलं, तर तू चपला शोधत होतीस.

गाडीत म्हणालीस, "तुझं मन मोडवेना, जरीना." अगं, कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरशी खोटं बोलून तू छड्या खाल्ल्यास, पण माझ्याशी कधी खोटं बोलली नाहीस. आता माझी कीव करतेस?

सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आहे. कधीपासून धूसर दिसतं, त्यांनी विचारलं. त्यावर उपचार ठरणार आहेत. मी ठणकावून सांगितलं, गेल्या वर्षी लांबचे पक्षी अचूक ओळखले, साक्षीदार आहे माझी. घरी येऊन वही उघडली. प्रत्येक नोंदीखाली तुझीच सही. कुठली खरी, मला कसं कळणार? म्हणून हे पत्र. तीन वर्षांच्या पानांची झेरॉक्स सोबत आहे. जिथे तुला न दिसलेला पक्षी तू माझ्यासाठी दिसला म्हणालीस, तिथे फुली मार आणि पुढच्या शुक्रवारच्या आत पाठव. पहिली फुली ज्या तारखेवर पडेल, ती मला डॉक्टरांना सांगायची आहे.

अजून तरी तुझीच,
जरीना