मागच्या अंगणाच्या विटा

३ तारीख, सोमवार

दादा म्हणतो, आई आता त्याच्याकडेच. कायमची! "आधी तुझं ते अंगण सरळ कर, मग तिला न्यायची भाषा कर." दीड महिन्यापूर्वी आई मागच्या अंगणात पडली, मनगट मोडलं. खचलेल्या विटेला पाय अडखळला, दुसरं काय! मी दारात पोचले तेव्हा ती विटांवरच बसली होती. तेव्हापासून दादाच्या चौथ्या मजल्यावर आहे. फोनवर एकच — "घरी कधी नेतेस गं?"

सोळा तारखेला दादासाहेब स्वतः तपासायला येणार. पसंत पडलं तर आई घरी, नाहीतर नाही. येऊ दे. करून दाखवते!

४ तारीख

रजा टाकली. कडेची लाकडी फळी पहारीने उचकटायला गेले, तर नुसत्या हातात आली. पार भुसा झालेला, आत मुंगळे. कडेला आधारच उरला नव्हता. विटा बाहेर सरकल्या, खालची वाळू वाहून गेली आणि मधोमध परात झाली.

६ तारीख

कंबरेचे बारा वाजले.

७ तारीख

चारशे बारा विटा काढल्या, खरवडल्या, भिंतीशी रचल्या. वीतभर खणून खडी ओतली आणि धुमसाने चोपायला घेतली. शेजारचे गवंडीकाका कुंपणावरून — "ताई, हे बाईमाणसाचं काम नाही." म्हटलं, "मग या, तुम्ही धरा धुम्मस!" आत गेले.

९ तारीख

सुतार नव्या फळ्या घेऊन आला. मी विचारलं, पॉलिश करू या का? हसत सुटला. "जमिनीत गाडायच्या फळीला पॉलिश? वाळवीला ताट सजवून वाढताय?" डांबराचे दोन हात दिले. बाहेरून दोन-दोन फुटांवर खुंट्या ठोकल्या. आता हलून दाखव म्हणावं!

१२ तारीख

वाळू पसरली, विटा बसवल्या. लेव्हलची पट्टी कुठेही ठेवा, आतला बुडबुडा बरोब्बर मधोमध! आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "हो का? छान." एवढंच. दादा शेजारी बसला असणार.

१३ तारीख

गवंडीकाका म्हणाले, बादलीभर पाणी ओता. ओतलं. पाणी तिथेच साचलं, मग सावकाश स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडे निघालं.

"अहो ताई, हा काय कॅरम बोर्ड आहे? पाण्याला उतार नको?"

म्हणजे सगळं चुकलं, ते माझ्या त्या बुडबुड्याच्या नादात! रडले. रागानेच जास्त. मग डोळे पुसले आणि पहिली वीट उचलली. काका दोरी घेऊन आपणहून आले. घराच्या भिंतीपासून कडेपर्यंत चार बोटं उतार धरून दिला. भला माणूस आहे, मीच उगाच त्या दिवशी फाडफाड बोलले.

१५ तारीख

झालं! फटींत वाळू झाडून भरली. पाणी ओतलं, तसं सरळ कडेला गेलं. मग वरती उड्या मारून पाहिल्या. काका बघत होते, बघेनात का!

१६ तारीख, रविवार

दादाने एकेक वीट टाचेने दाबून पाहिली. काही सापडेना, म्हणून दोनदा. शेवटी — "बरं केलंयस." त्याच्या तोंडून! आई माझा हात न धरता पार कडेपर्यंत जाऊन आली. तिची बॅग तिच्या खोलीत ठेवून दादा गेला. जिंकले मी!

१७ तारीख

सकाळी आई स्वयंपाकघरात खाली बसलेली दिसली. सपाट फरशीवर. ओठ पांढरे.

"त्या दिवशीही अशीच चक्कर आली होती. विटेला अडखळले हे तूच ठरवलंस गं. मला कुणी विचारलंच नाही. आणि मग सांगवेना — घरी कोण येऊ देणार होतं?"

दादाला फोन लावलाय. रिंग वाजतेय.