चालीत म्हटलेला नियम

पिंप्राळा, जळगाव
१२ ऑगस्ट १९९३

सौ. प्रमिलास,
तुझ्या मास्तरांचा, देवपूरच्या घरापर्यंत पोचेल तेवढा आशीर्वाद.

सकाळपासून कानात माझा नववीचा वर्ग घुमतोय. गतीचे नियम मी कवितेची चाल लावून म्हणवून घ्यायचो, आठवतं?

मी बरा आहे. खानावळवाली भाकरी मऊ देते. तुझे गुडघे कसे आहेत?

मुलांना पदार्थविज्ञान कसं कळतं, याचा विद्यापीठात अभ्यास चाललाय. मी मुलाखती लिहून घेतो. काल माझ्या हाताखाली शिकलेली उषा बाविस्कर आली. पहिला नियम तिने माझ्याच चालीत म्हटला, एक मात्रा चुकली नाही. मग अभ्यास चालवणाऱ्या मॅडमनी विचारलं, "फेकलेला चेंडू वर का जात राहतो?" म्हणाली, "हाताचा जोर त्यात उरलेला असतो ना!"

जात राहायला जोर लागत नाही, थांबायला लागतो, हेच तर तो नियम सांगतो गं. तीस वर्षं मी नुसती गाणीच शिकवली का? इथे विचारावं असं कुणी नाही. शनिवारच्या एसटीने कायमचं परतावं म्हणतो.

थांब, दार वाजलं.

उषाच आहे. दारातूनच म्हणते, "सर, माझं काय चुकलं? चालीत म्हणून नका दाखवू, समजावून सांगा."

शनिवारी वाट पाहू नकोस.

तुझा,
रुपचंद