तुम्हाला गब्र म्हणाले तो दिवस

सर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली ती राहिलीच. इथं आखातात, अल् खुवैरच्या ऑफिसात मी नकाशे काढायला लागले तेव्हा रेघ कशी ओढायची इथपासून तुम्ही शिकवलंत. त्या दिवशी चहाच्या वेळी तो इराणी कंत्राटदार तुमच्याकडे बघून हसत म्हणाला, "यल्ला, पहले इस गब्र को चाय दो." तुम्ही कप घेतलात, शुक्रिया म्हणालात. मला घरी सोडताना गाडीत मी अर्थ विचारला. "आम्हा जरथुष्ट्रींना इराणात असं म्हणतात," तुम्ही सांगितलंत. "कुणी म्हणतं मुळात अर्थ नुसता माणूस. कुणी म्हणतं काफिरवरून आला. नक्की कुणालाच ठाऊक नाही. आधी ओळख होती, मग शिवी झाली. तुर्कांनी तर सगळ्याच परधर्मीयांना लावला." मग म्हणालात, "यज्दच्या बाजारात समोरून कुणी मुसलमान आला की माझे आजोबा गाढवावरून उतरायचे. उशीर झाला की हीच हाक. म्हणून तर पुण्याला येऊन बेकरीत राबले. जाऊ दे पोरी, तुला नाही कळायचं."

मी "हो सर" म्हणाले. मला कळत होतं. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात माझ्या वडिलांना जातीच्याच नावानं हाक मारत, आणि वरून कुणी पाणी ओतेपर्यंत ते विहिरीपासून लांब उभे राहत. माझं आडनाव गावावरून, त्यामुळे इथल्या मराठी बायकांना माझी जात माहीत नाही. त्यांच्याबरोबर मी डबा खाते. गाडीत तर आपण दोघंच होतो. तुम्ही कुणाला सांगणारे नव्हतात. पुढे हॉस्पिटलात तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "इथं आपलं म्हणावं असं कुणी नाही गं." तेव्हाही मी नुसती तुमची उशी सारखी केली.

परवा मुलगी शाळेतून आली. आमच्या जातीचं नाव घेऊन म्हणाली, "आई, एका मुलानं दुसऱ्याला हे म्हटलं. ते बॅड वर्ड आहे?" मी गॅस बंद केला, तिला जवळ बसवलं आणि बाजारात गाढवावरून उतरणाऱ्या एका आजोबांची गोष्ट सांगितली. तिनं नीट ऐकली. मग म्हणाली, "पण आई, मी विचारलं त्या वर्डचं काय?"

उद्या सांगते, म्हटलं. अजून सांगितलेलं नाही.