मुख्याध्यापिकाबाईंच्या पदरावरचा निळा डाग

मेहरूण, जळगाव
१२ जानेवारी १९७१

तीर्थरूप नाना यांस,
धाकट्या इंदूचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? बरा आहे असं वहिनी लिहितात. पण बाजारपेठेपर्यंतसुद्धा तुम्ही टांग्याने जाता, असंही त्याच लिहितात. तेव्हा मी टांग्यावर विश्वास ठेवते. मी खुशाल आहे. (घरमालकीण सोडली तर शेजारही चांगला आहे.)

परवा आमच्या शाळेत मुलींच्या आयांचा मेळावा झाला. विज्ञान मी शिकवते म्हणून वक्ता आणायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी धुळ्याच्या एका कॉलेजातले प्राध्यापक शांतीलाल यांना बोलावलं. विषय ठेवला होता 'आपल्या अन्नातली साखर'. (संक्रांत तोंडावर. हलव्याला काटा कसा आणायचा ते शिकवणार, असं वाटून आयांनी हॉल भरून टाकला.) माझी नोकरी अजून कायम व्हायची आहे, आणि ते मुख्याध्यापिका सुगंधाबाईंच्या हातात. त्या पहिल्या रांगेत, कडक खळीच्या पांढऱ्या पातळात बसल्या होत्या. त्यांना पाहून शाळा तपासायला येणारे साहेबदेखील आधी उभे राहतात.

गृहस्थ उंच, चष्मा जाड, आणि बोलायला लागले की तो चष्माही काढून ठेवणारे. फळ्यावर त्यांनी सहा कोनांची एक कडी काढली. म्हणाले, ही ग्लुकोज. झाडं ऊन, पाणी आणि हवा घेऊन ही घडवतात, आणि आपण चालतो, दळतो, भांडतो ते हिलाच जाळून. मग कडीला कडी जोडत त्यांनी फळा भरवला. तांदूळ, ज्वारी यांतलं पीठ म्हणजे अशा साखळ्या, आणि आपला खानदेशी कापूस म्हणजेही अशाच कड्यांची साखळी. फरक एवढाच, की पिठात साऱ्या कड्या एका बाजूला तोंड करून बसतात, आणि कापसात एक सुलटी, एक उलटी. आपल्या पोटातल्या रसांना पिठातला जोड तोडता येतो, कापसातल्या जोडापुढे ते हात टेकतात. म्हणून भात पचतो आणि धोतर पचत नाही. (मागून कुणीतरी विचारलं, धोतर खाऊन कुणी बघितलं?)

इथवर सगळं ठीक होतं. पुढे प्रयोग होता. पिठावर आयोडीन टाकलं की ते काळंनिळं होतं. सगळे यासाठी बटाटा घेतात. पण हे जैन, कंदमुळाला सुरी लावत नाहीत, म्हणून मी कच्ची केळी सांगून ठेवली होती. पाहुण्यापुढे हिरवं केळं ठेवलं तर जळगावची अब्रू जाईल, म्हणून सुगंधाबाईंनी मला न विचारता पिवळीधमक आणवली आणि सोलून, चकत्या करून, बशीत मांडली. प्राध्यापकांनी थेंब टाकला. "बघा हं, आता निळं होईल!" झालं नाही. दुसरा टाकला. तरी नाही. मी बशीतली एक कोरी चकती तोंडात टाकली आणि माझ्या सारं लक्षात आलं. कानाशी जाऊन म्हटलं, "सर, केळं पिकलंय."

कुणाचा चेहरा पडला असता. यांचा उजळला! पिकताना केळं आपल्याच साखळ्या तोडून साखर करतं, म्हणून तर गोड लागतं, असं हात पसरून सांगायला गेले आणि बाटली कलंडली ती सुगंधाबाईंच्या पदरावर. पांढऱ्या पदरावर हा एवढा काळानिळा डाग. सभा गार. माझी नोकरी गेली, असं मी मनाशी म्हणते आहे, तोच हे ओरडले, "आला! रंग आला! बाई, खळ तांदळाची, खाली कापूस. तुम्ही पदरापासून निऱ्यांपर्यंत नुसती साखर आहात!"

सुगंधाबाईंना साखर आजवर कुणी म्हटलं नव्हतं. (मुली कारलं म्हणतात.) त्या लाल झाल्या. प्राध्यापक एकीकडे "लिंबू आणा, लिंबू!" म्हणत होते. आमच्या शिपाईण बेबाबाई म्हणाल्या, "मास्तरले चक्कर उनी वाटस," आणि पेलाभर सरबत घेऊन आल्या. यांनी ते प्यायचं सोडून पदरावर ओतलं. डाग हळूहळू फिका होत गेला आणि गेला, नाना! पदर चिकट झाला, पण पांढरा. सुगंधाबाई आधी गालात हसल्या, मग पदर तोंडाला लावून, आणि मग हॉलच हसायला लागला. जाताना त्या मला एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वर्षीही यांनाच बोलवा."

वहिनींना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुमची
इंदू

ता. क. शांतीलाल येत्या रविवारी चाळीसगावला येत आहेत. व्याख्यानाला नव्हे, तुमच्याकडे. मी दिवाळीतच हो म्हटलं आहे, तुमचं हो राहिलं आहे. वेगळ्या जातीची सून म्हणून त्यांच्या आईने, मोहनबाईंनी, आधी जेवण सोडलं होतं. आता ताटावर बसतात, फक्त माझं नाव निघालं की पोळी परत ठेवतात.

पुन्हा ता. क. वहिनींना सांगा, कांदा, लसूण, बटाटा नको, आणि जेवण दिवस मावळायच्या आत. तुम्हाला नाहीच म्हणायचं असेल, तर तेही म्हणा. ते रागावणार नाहीत, समजावून सांगायला लागतील. तेवढा भिंतींना चुना मात्र रविवारनंतर द्या.