खांबावरची काच

प्रिय धाकटे,

पाकीट जपून उघडलंस ना? आत वर्तमानपत्राच्या घडीत जे गुंडाळलंय ते आत्ताच उलगडू नकोस, पत्र वाचून झाल्यावर बघ. सकाळी फोनवर मी नुसतं "सोमवारी सही करू नकोस" एवढं म्हणाले आणि तू कारण विचारलंस तेव्हा गप्प बसले. मग तू म्हणालीस, "सरळ सांग ना ताई, तुला मी शेजारी नकोय." आणि फोन ठेवलास. परत फोन करता आला असता. पण फोनवर माझा आवाज कापायला लागला की जे सोपं असेल ते बोलून मी मोकळी होते, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. कागदावर निदान खोडलेलं दिसतं. म्हणून समोरच्या शिंप्याच्या दुकानात, कापड बेतायच्या टेबलाच्या एका कडेला बसून लिहितेय. आई शेजारच्या खुर्चीत आहे. आपण नव्या कपड्यांचं माप द्यायला आलोय अशी तिची समजूत झाली आहे, आणि हा मनुष्य अजून टेप का काढत नाही म्हणून ती त्याच्यावर रागावली आहे. त्याने बिचाऱ्याने दोनदा तिच्या खांद्याचं माप घेतलं.

गेल्या महिन्यात तू म्हणाली होतीस, घर घेताना काय काय बघायचं ते लिहून दे, तू एवढी वर्षं इमारतीची सचिव आहेस, तुला सगळ्यांच्या भिंती आतून माहीत. मी हो म्हणाले आणि दिलं नाही. आता देते. पुढेमागे दुसरं घर बघशील तेव्हा उपयोगी पडेल.

घर दिवसाउजेडी बघ, आणि एकदा बघून भुलू नकोस, दोनदा बघ. दुसऱ्यांदा न कळवता जा. भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकून बघ. भरीव आवाज आला तर ठीक, बद्द आला तर गिलावा आतून सुटलाय. एकाच कोपऱ्याला ताजा रंग असेल तर तिथे काय झालं होतं ते विचार. कपाट भिंतीला अगदी चिकटून असलं तर ते सरकवायला सांग, भिडेला बळी पडू नकोस. नळ सगळे एकदम सोड. जमिनीवर एक गोटी ठेव आणि ती कुठे जाते ते बघ. दारं लाव आणि उघड, सगळी, न्हाणीघराचंसुद्धा. कागदपत्रं मूळ बघ, झेरॉक्सवर समाधान मानू नकोस, आणि मालक जितके असतील तितक्यांच्या सह्या हव्यात. तळमजल्यावर राहणाऱ्याशी गप्पा मार, कारण वरच्यांचं सगळं झिरपत त्याच्याकडेच येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे कुठल्याही दलालाने तुला सांगितलं नसतं: घर दाखवणाऱ्या माणसाला तू ते घ्यावंस असं किती मनापासून वाटतंय, ते आधी ओळख. जितकं जास्त वाटत असेल तितकी तू सावध राहा. तो माणूस रक्ताचा असला तर दुप्पट.

ही यादी मी आत्ता परत वाचली. यातली निम्मी लक्षणं आमच्याच घरात होती. दीड महिन्यापासून लोखंडी कपाटाचं दार आपोआप उघडायचं. मी कागदाची घडी अडकवून ते बंद ठेवत होते. तळघरात माझ्या स्कूटरच्या सीटवर रोज सकाळी पिठासारखी पांढरी भुकटी पडलेली असायची. ती मी फडक्याने पुसून टाकायचे, कुणी खाली यायच्या आत. आई म्हणायची, न्हाणीघराचं दार फुगलंय. मी म्हणायचे, हो, लाकूड आहे, फुगणारच. छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मी पगार घेते. घरातली चूक मला दिसत नव्हती असं मी म्हणू शकत नाही. दिसत होती.

तुला तो तळघरातला खांब आठवतो का? माझी स्कूटर लागते त्याच्या बाजूचा. तू आलीस त्या रविवारी तुझी लेक त्याच्यामागे लपली होती आणि तू तिला शोधण्याचं नाटक करत होतीस. त्या खांबाला चार वर्षांपूर्वी उभी चीर गेली होती. तेव्हा एक वयस्कर इंजिनिअर येऊन गेले. आम्ही सगळे त्यांना इंजिनिअरकाका म्हणतो. त्यांनी चिरेवर आडवी एक काचेची पट्टी बसवली, दोन्ही टोकांना प्लॅस्टर लावलं आणि त्यावर निळ्या रंगाने तारीख घातली. मला म्हणाले, काच शाबूत आहे तोवर चीर झोपलेली आहे. काच तुटली तर खांब हलतोय. त्याच दिवशी मला फोन करा, मीटिंग बोलावत बसू नका. तेव्हापासून दर शनिवारी मी खाली जाऊन बघायचे आणि डायरीत दोन शब्द लिहायचे, काच शाबूत. चार वर्षांच्या डायऱ्या काढून बघ, एकही शनिवार चुकलेला नाही. मला त्याचा अभिमान होता, हेही लिहून टाकते.

गेल्या शनिवारच्या पानावर मात्र ते दोन शब्द नाहीत. मी खाली गेलेच नाही. जायची भीती वाटली.

आज सकाळी आई न्हाणीघरात अडकली. कडी काढलेली होती, तरी दार हलेना. आतून ती मला शांतपणे सांगत होती, अगं जोर लाव, जेवत नाहीस का. मी खांद्याने धडका मारत होते आणि चौकटीवरून बारीक रेती माझ्या केसांत पडत होती. शेवटी दार उघडलं. आईला खुर्चीत बसवलं आणि तीन जिने उतरून खाली गेले. काच तुटलेली होती. तिथूनच इंजिनिअरकाकांना फोन केला, आणि मग तुला.

ते तासाभरात आले. बॅटरी लावून खांब बघितला, काचेवरची तारीख वाचली आणि चक्क हसले. म्हणाले, चार वर्षं टिकली आणि आता गेली, म्हणजे चाल फार हळू आहे. घाबरू नका. आठवड्याभरात टेकू लावू, मग दुरुस्तीचं बघू. तोवर राहा निवांत. मी मान डोलावली. जिने चढून वर आले. आईकडे बघितलं. ती केस विंचरत होती, आणि फणीत माझ्या केसांतल्यासारखीच रेती आली म्हणून वैतागली होती. समोर मास्तरांच्या दारातून रेडिओ ऐकू येत होता. खालच्या मजल्यावरचं बाळ रडत होतं. अकरा बिऱ्हाडं, आणि त्यांचा एक आठवडा त्या तारखेवर उभा. मी परत खाली उतरले. इंजिनिअरकाका गाडीत बसत होते. मी म्हणाले, "ती काच चार वर्षांची नाही. मी बदलली आहे."

त्यांनी चष्मा काढला. "किती दिवस झाले?"

"बारा."

माझ्याकडे न बघता, इमारतीकडे बघत म्हणाले, "सगळ्यांना बाहेर काढा. आत्ता." वर जाऊन खाली येईपर्यंत मला सात मिनिटं लागली होती. मी घड्याळ बघितलं होतं. ती सात मिनिटं मी कुठल्या पानावर लिहू, सांग.

आता सगळे बाहेर आहेत. कुणी गाद्या काढल्यात, कुणी नुसती कागदपत्रांची पिशवी छातीशी धरून उभं आहे. आत गवंडी टेकू ठोकताहेत. दर ठोक्याला मी मान वर करून बघते, इमारत आहे का. आई विचारते, सारखं काय बघतेस, कुणी येणार आहे का?

मास्तर मघाशी दुकानात आले. तुला घर विकून मुलाकडे निघालेला तो म्हातारा माणूस माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "सचिव असावी तर अशी. वेळेवर जीव वाचवलेत." मी हात सोडवून घेतले. इंजिनिअरकाका मागेच उभे होते. जाताना एवढंच म्हणाले, तुमचं तुम्ही सांगा. पाच वाजता सगळे पलीकडच्या शाळेत जमणार आहेत. तिथे सांगायचंय. त्याआधी तुला सांगायला हवं होतं, कारण ते सगळं मी तुझ्यासाठी केलं. नाही, हे खोडते. माझ्यासाठी केलं. तू यायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, पहिली काच तुटलेली दिसली. मी फ्रेमवाल्याकडून तेवढीच पट्टी कापून आणली, प्लॅस्टर लावलं, जुनी तारीख निळ्या रंगात घातली आणि हात धुतले. दुसऱ्या दिवशी तू खांबाकडे बोट दाखवून विचारलंस, हे काय आहे गं? मी म्हणाले, चार वर्षं झाली, शाबूत आहे. तुझी लेक तेव्हा त्या खांबाला पाठ लावून उभी होती. तेव्हापासून मला दुसरं काही दिसत नाहीये. घडीत आहेत ते पहिल्या काचेचे दोन तुकडे. त्यांच्यावरची तारीख खरी आहे. आईबरोबर एकटीने अकरा वर्षं झाली, धाकटे. समोरचं दार उघडेल आणि तू हाक मारशील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मला तू शेजारी नकोस असं तू सकाळी म्हणालीस. नको असतीस, तर मी काच बदलली नसती.

तू म्हणू देशील तोवर तुझीच,
ताई