खिडकीवर न सांगितलेलं

३ डिसेंबर २००४
आजही एकटीनेच जेवले. राजुऱ्याहून अम्मीचा फोन नाही. शेजारच्या मंजुषाने भिंतीवरून लाखोळीची भाजी दिली, म्हणून दोन घास जास्त गेले. चौथा महिना लागलाय तिला. उद्या दवाखान्यात येणार, लॅबमध्ये तपासणीचं रक्त मीच काढणार. "दीदी, दुखन तं नाई ना?" घाबरट! या गावात कामाशिवाय माझ्याशी बोलणारी ती एकटीच.

४ डिसेंबर
मंजुषाची एचआयव्हीची तपासणी पॉझिटिव्ह आली. पुन्हा केली — तेच! नियम पाठ आहे: पहिल्या तपासणीवर भरवसा ठेवायचा नाही, रक्त पुन्हा जिल्ह्याला पाठवायचं, सांगायचं डॉक्टरांनी आणि फक्त तिलाच. डॉक्टर रजेवर, सोमवारी येणार.

संध्याकाळी ती भिंतीशी आली. मी दार लोटून घेतलं. माझ्या तोंडावर वाचलं असतं तिने.

६ डिसेंबर
चुकलं. सगळं चुकलं!

चांगला रिपोर्ट मी लॅबच्या खिडकीवरूनच ओरडून सांगते. "सोमारीबाई, ठीक आहे! देवरावभाऊ, ठीक!" लोकांना बस गाठायची असते, म्हणून मीच पाडलेली पद्धत. मंजुषाचा नंबर आला. सासू, कमळाबाई, बाजूलाच उभ्या. मी एवढंच म्हणाले, "मंजुषा, आत डॉक्टरांना भेट."

रांगेतले सगळे वळून तिच्याकडे बघायला लागले. गेल्या वर्षी एका ट्रकवाल्याला असंच आत पाठवलं होतं, तो कशाने गेला ते गावाला माहीत आहे.

"सगळ्याईले ठीक म्हनलं, हिलेच काऊन आत?" कमळाबाईंनी विचारलं. मी मान खाली घातली.

डॉक्टरांनी तिला एकटीला बसवून समजावलं, पुन्हा रक्त घेतलं. पण बाहेर निकाल लागून गेला होता. मी कुणाला काही सांगितलं नाही, कायदा पाळला — आणि कळलं सगळ्यांना!

९ डिसेंबर
मंजुषाला माहेरी वडशाला धाडलं. तिचं ताट परसात फेकलेलं दिसलं. डॉक्टरांनी तिच्या संमतीने नवऱ्याला, प्रफुलला, तपासणीसाठी रक्त द्यायला सांगितलं, तर म्हणतो, "मले काय झालं? तिच्यातच खोट हाय."

१५ डिसेंबर
भिंतीपलीकडून कुणी हाक मारत नाही. स्वतःचा फार राग येतो.

२२ डिसेंबर
जिल्ह्याचा रिपोर्ट आला. काही नाही तिला! तिथल्या तिन्ही तपासण्या स्वच्छ! कमळाबाई अंगणात तांदूळ पाखडत होत्या. भिंतीवरून ओरडून सांगावं वाटलं, तोंडाशी आलेलं गिळलं. आधी तिला. डॉक्टरही म्हणाले, बोलावणं पाठवू नका, चारचौघांत कळतं. तुम्हीच जाऊन तिला घेऊन या.

२३ डिसेंबर
वडशाला जाऊन आले. डॉक्टरांनी बोलावलंय एवढंच सांगून तिला बसमध्ये बसवलं.

डॉक्टरांनी सांगितलं तशी ती खूप रडली. मी म्हणाले, चल, आता तुझ्या घरी मीच सांगते, तुझी परवानगी असेल तर.

तिने डोळे पुसले. "रिपोर्ट माझा हाय ना, दीदी? मंग सासरी सांगू नोको. बिमार समजून काढलं त्याइनं. आता बरी हाय म्हनून बलावतीन, तं मले जायाचंच नाई."

२४ डिसेंबर
कमळाबाई भिंतीशी आल्या. "काय जी, तिचं काई समजलं?" मी दार लोटून घेतलं.